पोरके आमेन

कोणीच बोलत नव्हते. हजारो माणसे एका छताखाली उभी होती आणि वरच्या तुळयांवरची कबुतरेसुद्धा पंख आवरून बसली होती. शेवटचा शब्द भिंतींवर आपटून परत आला होता, दगडी खांबांमधून ओसरला होता, आणि त्याच्या जागी आता फक्त भीती उरली होती. पुढच्या रांगांतल्या सोनारांनी एकमेकांकडे न पाहता माना खाली घातल्या होत्या. मागच्या रांगांतल्या विणकरांना काय घडले ते कळलेच नव्हते. ते टाचा उंचावून पुढे पाहत होते, आणि पुढचा एकही चेहरा मागे वळत नव्हता. मधोमध, लाकडी मंचावर, एका म्हाताऱ्या मुठीत मी लटकत होते. ती मूठ अजून हवेत होती. आपण काय केले आहे, हे तिला अजून ठाऊक नव्हते.

मित्रांनो, मी एक जुने कापड आहे. जवसाच्या धाग्याचे, हातभर रुंद, तीन हात लांब, दोन्ही टोकांना निळा पट्टा. अलेक्झांड्रियाच्या यहुदी वस्तीतल्या मोठ्या प्रार्थनागृहात मी चाळीस वर्षे फडकले. आज मला विणणाऱ्या मारिओनच्या सामानात, मसुरीच्या पिशवीखाली, घडी होऊन पडले आहे. त्या शांततेपर्यंत मी कसे पोहोचले आणि पुढे काय झाले, ते मला तुम्हांला सांगायचे आहे. कापडाला कान नसतात असे लोक म्हणतात. पण शेवटची दोन वर्षे त्या मंचावर, वाचकाच्या शेजारी, ऐकणारे असे मीच एकटे होते. आणि मला जीभ नव्हती.

माझा जन्म तलावाकाठच्या एका वाफ्यात झाला. निळ्या फुलांचे दिवस मला धूसर आठवतात, जसे तुम्हांला पाळण्यातले दिवस आठवत असतील. जवसाचे झाड विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग त्याला साचलेल्या पाण्यात कुजत ठेवतात, उन्हात वाळवतात, लाकडी दांडक्याने बडवतात. या सगळ्यातून जे तुटत नाही, त्याचाच धागा होतो. भीती म्हणजे काय, ते मी त्या हिरवट पाण्याच्या तळाशी शिकले. तिथे असताना मला वाटे, आता माझे काहीच उरणार नाही. उरले ते इतके बारीक होते की मारिओनने ते बोटांवर घेतले तेव्हा तिला ते दिसण्याआधी जाणवले.

मारिओन तेव्हा नवी नवरी होती. तिचा नवरा दोसिथेओस प्रार्थनागृहाचा सेवक म्हणून नुकताच नेमला गेला होता आणि जुने खुणेचे कापड विरून गेले होते. तिने मला आपल्या मागावर विणले. निळे पट्टे तिने मुद्दाम रुंद ठेवले, कारण ती स्वतः विणकरांच्या रांगेत, थेट शेवटी बसणार होती आणि तिथून तिला मी दिसायला हवे होते. मागावरून मला उतरवताना ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, घरात माझ्या चार हाकांना तुम्ही एक ओ देता. आणि तिथे अख्ख्या वस्तीला ओ द्यायला लावणार?"

"तिथे हाक वरच्याची असते," दोसिथेओस म्हणाला.

"इथली हाक जेवायची असते. ती चुकवून बघा एकदा."

माझे काम सोपे होते. आमचे प्रार्थनागृह इतके विशाल होते की वाचकाचा आवाज निम्म्या वाटेतच थकून खाली बसे. पुढे सोनार, मग चांदीवाले, मग तांबट, मग लोहार, आणि सर्वांत मागे विणकर, अशा व्यवसायाव्यवसायांच्या रांगा असत. वाचक मंचावर उभा राहून परमेश्वराला धन्य म्हणे. एक एक धन्यवचन, लांबसडक, दोरीसारखे विणलेले. ते पुरे झाले की शेजारी उभा असलेला दोसिथेओस मला उंच फडकवी आणि सगळे घर एका तोंडाने म्हणे, "आमेन." असेच असो. खरे असो. मागच्यांना शब्द ऐकू येत नसत, पण त्यांना क्रम पाठ असे. पहिली फडफड उजेडाच्या धन्यवचनाची, दुसरी पूर्वजांच्या, तिसरी पावसाच्या. आमच्याकडे नदी होती, पाऊस जवळजवळ पडतच नसे. तरीही आम्ही पावसासाठी त्याला धन्य म्हणत असू. तो पाऊस दूर, यरुशलेमच्या डोंगरांवर पडे. ज्या पावसात आपण कधी भिजणार नाही, त्यालाही आमेन म्हणणारी ती माणसे मला फार आवडत.

ज्याने सूर्य घडवला त्याला माणसांनी धन्य म्हणून काय मिळते, असे एकदा ओनियास नावाच्या तांबटाने विचारले होते. तो तरणाताठा, वाह्यात आणि मनाने लोण्यासारखा होता. दोसिथेओसने मला खांद्यावर टाकत उत्तर दिले, "त्याला काय मिळतं ते त्यालाच ठाऊक. पण हे बघ, मागणं एकट्याचं असतं. धन्य म्हणायला चारचौघं लागतात."

"मग काका, जरा जोरात फडकवत जा," ओनियास म्हणाला. "आमच्या रांगेपर्यंत नुसता वारा येतो."

ते माझे वैभवाचे दिवस होते. नव्या नवऱ्या माझा निळा पट्टा डोळ्यांना लावत. समुद्रावर निघालेले खलाशी माझ्याकडे पाहून जात. आणि वाचक होता हिल्कियास. तो आणि दोसिथेओस एकाच गुरुजींच्या हाताखाली, एकाच पाटीवर अक्षरे गिरवून मोठे झाले होते. हिल्कियासचा आवाज आणि दोसिथेओसचा हात यांच्यामध्ये निमिषाचेही अंतर नसे. लोक म्हणत, एकाने श्वास सोडला की दुसऱ्याचा हात उठतो.

आता या घराची एक भीती तुम्हांला सांगायला हवी. कोणत्या धन्यवचनाला आपण उत्तर देत आहोत हे न जाणता उच्चारलेले आमेन हे पोरके आमेन. त्याला बाप नसतो. आणि आया मुलांना सांगत, जो पोरके आमेन म्हणतो, त्याची मुले पोरकी होतात. मागच्या रांगांचे आमेन पोरके ठरत नसे, कारण मंचावर एकाने ते वचन कानाने ऐकलेले असे आणि जाणून खूण दिलेली असे. ती खूण म्हणजे मी. हजारो लेकरांची आयुष्ये माझ्या दोन निळ्या पट्ट्यांवर टांगलेली आहेत, हे मला कळले तेव्हापासून मी कधी निर्धास्त फडकले नाही.

दोसिथेओसचे कान कधी गेले, ते नेमके सांगता येणार नाही. संध्याकाळ कोणत्या क्षणी होते, ते तरी कोण सांगू शकतो? आधी त्याला पक्षी ऐकू येईनासे झाले. मग कालव्यावरच्या होड्या. मग एके दिवशी मारिओनने त्याच्या पाठीमागे तांब्याची घागर फरशीवर टाकली, मुद्दाम टाकली, आणि तो सावकाश आपल्या चपलेचा पट्टा बांधत राहिला. मारिओन भिंतीला टेकून खाली बसली. मी खुंटीवर होते. तो आवाज फक्त तिला आणि मला ऐकू आला.

तिने त्याला गच्चीवर, मसूर वाळत घालताना, समोर उभे राहून सांगितले. समोरून ओठ दिसले की त्याला बरेचसे कळे.

"हिल्कियासला सांगून टाका."

"काय सांगू? की या कानांत आता फक्त समुद्र वाजतो?"

"हो. हेच शब्द सांगा."

"मला खाली उतरवतील."

"उतरवू देत. गुडघे तरी कुरकुरायचे थांबतील."

तो हसला, पण माझ्यावर ठेवलेला त्याचा हात हसत नव्हता. "मारिओन, मी सोनार नाही, तांबट नाही, विणकर तर तूच. खाली मला रांग कुठली? मंचावरून उतरलेला माणूस त्या घरात बसणार कुठे?"

"माझ्या शेजारी बसा."

त्याने ओंजळभर मसूर उन्हात पसरली, आणि ती आधीच पसरलेली होती.

त्याच आठवड्यात कालव्याच्या पायऱ्यांजवळ ते घडले. मी त्याच्या खांद्यावर होते. मागून हिल्कियास हाक मारत होता, "दोसी, अरे दोसी, थांब." तीनदा हाक आली. चौथ्या वेळी लाकडे लादलेली गाढवगाडी उतारावरून सुटली, गाडीवान ओरडला, आणि दोसिथेओस शांतपणे रस्त्याच्या मधोमध चालत राहिला. हिल्कियासने धावत येऊन त्याचा दंड ओढला. गाडी आम्हांला घासून गेली.

"मेला असतास की, बहिऱ्या," हिल्कियास धापा टाकत म्हणाला. तो थट्टेनेच म्हणाला होता. मग त्याने दोसिथेओसच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि थट्टा त्याच्याच तोंडात विझली.

"विचारात होतो," दोसिथेओस म्हणाला.

"हं. तू आणि विचार."

एवढेच. पण पुढच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, पहिले धन्यवचन पूर्ण होताच, हिल्कियासने आपली मान हलकेच खाली झुकवली. यापूर्वी त्याने असे कधी केले नव्हते. तो नेहमी ताठ उभा राहून वाची, वल्ह्यासारखा ताठ. दुसऱ्या वचनालाही मान झुकली. तिसऱ्यालाही. दोसिथेओसने ते पाहिले. माझी घडी त्याच्या मुठीत घट्ट झाली, आणि तिसऱ्या वचनानंतर त्याचा हात कानांची वाट न पाहता, त्या मानेबरोबर उठला. दोघांमध्ये त्याविषयी एक शब्दही कधी झाला नाही. दोन वर्षे असेच चालले. लोकांना वाटले, हिल्कियास वयाबरोबर नम्र होत चालला आहे. काहींनी त्याची स्तुतीही केली.

मी मात्र भीत असे. मान ही मान असते, मित्रांनो. ती धन्यतेनेही झुकते आणि थकव्यानेही.

त्या उन्हाळ्यात शहराची हवा बिघडली. आखाड्यातली ग्रीक पोरे आमच्या गल्ल्यांच्या तोंडाशी उभी राहून दात काढू लागली. सुभेदाराच्या वाड्यावरून आमच्या वडीलमंडळींना दाराबाहेरूनच परत पाठवले जाऊ लागले. अमक्या प्रार्थनागृहात मूर्ती बसवणार आहेत, तमक्याला आग लावणार आहेत, अशा वार्ता सकाळी भाकरीबरोबर येत आणि भाकरी तशीच राही. बायका पाण्याला जाताना पाचपाच जणी मिळून जात. मारिओनने आपला माग खिडकीपासून हलवला. शेवटी वडीलमंडळींनी उपवासाचा दिवस ठरवला: सर्वांनी एकत्र यावे, आणि संकटातही त्याला मिळून धन्य म्हणावे, कारण संकटात एकेकटा माणूस फक्त रडतो.

त्या सकाळी घर कधी नव्हते इतके भरले होते. उपाशी पोटांच्या गर्दीला एक वेगळाच वास असतो, ओल्या भिंतीसारखा. पहिली पाच धन्यवचने नीट पार पडली. माझ्या प्रत्येक फडफडीला असे आमेन उठले की मंचाच्या फळ्या थरथरल्या. सहावे वचन चालू असताना द्वारपाल रांगांमधून वाट काढत आला, मंचाच्या पायऱ्या चढला आणि हिल्कियासच्या कानाशी लागला. यात दोसिथेओसला काही वावगे वाटले नाही. आजाऱ्यांची नावे अशीच ऐनवेळी मंचावर येत आणि वाचक ती वचनात ओवून घेत असे. तो हिल्कियासच्या मानेकडे पाहत राहिला.

मी मात्र द्वारपालाचे शब्द ऐकले. "कालव्याच्या रस्त्याने येतायत. हातात मशाली आहेत, भर दिवसा. शिपाई बाजूला उभे राहून बघतायत."

हिल्कियासचे वचन तुटले. त्याच्या ओठांचा रंग गेला. तो कोणाला उद्देशून बोलला, मला ठाऊक नाही, कदाचित स्वतःशीच. पण तीस वर्षे ते घर भरायची सवय असलेला आवाज हळू बोलायला विसरलेला असतो. पुढच्या दहा रांगांना तो स्पष्ट ऐकू गेला.

"संपलं. हे घर आज जळणार, आणि आपण यातच मरणार."

आणि त्याची मान खाली गेली.

मी खालीच राहण्याचा, मंचाच्या कठड्याला अडकण्याचा प्रयत्न केला असता, पण कापडाला स्वतःचा असा वारा नसतो. दोसिथेओसने मला उंच उचलले आणि फडकवले, दोनदा, नेहमीसारखे, सुंदर. मागच्या हजारोंनी सहावी फडफड मोजली आणि छाती भरून, डोळे मिटून, एका तोंडाने म्हटले, "आमेन."

असेच असो.

मग ती शांतता आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. हिल्कियासने मान वर करून दोसिथेओसकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. "काय केलंस हे." हे दोसिथेओसला कळले, कारण ते समोरून होते. त्याचा हात हळूहळू खाली आला आणि मी त्याच्या गुडघ्याशी लोळत पडले.

जमाव बाहेरच्या फाटकापर्यंत आला होता. आम्हांला दगड ऐकू आले, मग फाटकावरचा दिवा फुटल्याचा आवाज, मग बराच वेळ माणसांचा कोलाहल. आत कोणी हलले नाही. लहान मुलांच्या तोंडांवर हात ठेवलेले होते. दुपार कलली तेव्हा बाहेरचा गलका बंदराच्या दिशेने निघून गेला. तो का गेला, ते कोणालाच कधी समजले नाही. आतला तो प्रचंड हुंकार ऐकून ते बिचकले, असे काही म्हणाले. पण ज्यांनी हिल्कियासचे शब्द ऐकले होते, त्यांना सुटका झाल्यासारखे वाटले नाही. शिक्षा फक्त पुढे ढकलली गेली होती. शिक्का तर आपणच मारला होता.

त्यानंतर जे जे वाईट घडले, त्याचे मूळ त्या आमेनमध्ये सापडू लागले. पूर्वेच्या भिंतीला तडा गेला, तो आमेनमुळे. धान्याची होडी बुडाली, ती आमेनमुळे. दोन आठवड्यांनी ओनियासचे दुकान रातोरात जाळले गेले. सकाळी तो राखेतून वाकड्या झालेल्या पातेल्या वेचत होता. विचारपूस करायला आलेल्यांना तो म्हणाला, "जोरात म्हटलं होतं मी. माझ्या रांगेत सगळ्यांत जोरात." आणि हसण्याचा प्रयत्न करून त्याने एक पातेली दगडावर ठोकून सरळ करायला घेतली.

दुकान जळल्यानंतरचा शब्बाथ मी विसरू शकत नाही. हिल्कियासने उजेडाचे धन्यवचन म्हटले, मान झुकली, मी उंच गेले. चारदोन कोरडे आवाज आले, आणि थांबले. मागच्या रांगांतून कुजबुज पुढे सरकू लागली: "काय म्हणाला? कशाला आमेन? आधी सांगा." पुढच्यांनी मागच्यांना सांगितले, त्यांनी त्यांच्या मागच्यांना, विणकरांपर्यंत पहिले वचन पोहोचले तेव्हा मंचावर तिसरे संपले होते. पावसाच्या वचनाला कोणीतरी उजेडाचे आमेन म्हटले आणि घाबरून तोंड दाबून धरले. हजारो माणसे होती, आणि प्रत्येक जण एकेकटा होता. मी फडकत होते, एखाद्या ओसाड घराच्या दोरीवर विसरलेल्या धुण्यासारखे.

त्या दुपारी मारिओनने दोसिथेओसचे दोन्ही गाल हातांत धरले आणि त्याला आपल्या ओठांकडे पाहायला लावले.

"ते आमेनला भ्यायला लागलेत. आता तरी बोला."

"बोललो तर गेल्या दोन वर्षांची सगळी आमेन पोरकी ठरतील. दोन वर्षांत किती लेकरं जन्मली, मारिओन."

"तुम्हाला ऐकू येत नव्हतं. हिल्कियासला येत होतं ना? मान तोच झुकवत होता. खूण कोणाची होती?"

"त्याची," तो म्हणाला.

"मग झालं तर. खरं सांगायला दोन तोंडं लागतील. एक तुमचं आहे."

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी जुन्या वस्तू तुमच्याकडे काळजीची भीक मागतात. मला उन्हात वाळवा, कसर लागू देऊ नका, फाडून पोतेरे करू नका, असे मीही म्हटले असते. पण कापडाचे काय, कापड नवे विणता येते. मी दुसरेच मागते. ज्याच्या हाताकडे पाहून तुम्ही सगळे मिळून "हो" म्हणता, त्याच्या जवळ जाऊन कधीतरी विचारा की बाबा, तुला ऐकू येते ना. आणि विचारताना असे विचारा, की त्याला खरे सांगायची भीती वाटू नये. आमच्या घरात हे कोणी विचारले नाही. ज्याला ते उमगले, त्यानेही नाही.

वडीलमंडळींनी सर्वांना बोलावले. भर सकाळ होती. उंच झरोक्यांतून उन्हाचे तिरपे खांब दगडी खांबांमध्ये उभे होते. मंडळाचे प्रमुख सब्बताइओस आजोबा काठी टेकत मंचासमोर आले. दोसिथेओस मंचावर होता, मी त्याच्या हातात. दोन पावलांवर हिल्कियास होता.

"दोसिथेओस," आजोबा म्हणाले, "त्या दिवशी हिल्कियास जे बोलला, ते ऐकून तू कापड उचललंस का?"

दोसिथेओसने त्यांचे ओठ नीट पाहिले. मग तो म्हणाला, आणि बहिऱ्या माणसाप्रमाणे जरा मोठ्यानेच म्हणाला, "नाही आजोबा. मी ऐकलं नाही. मी दोन वर्षांपासून काहीच ऐकलेलं नाही."

ते वाक्य रांगांमधून मागे जाताना मी पाहिले. पिकातून वारा जावा तशा माना हलत गेल्या. एका बाईने मांडीवरच्या मुलाला इतके घट्ट धरले की ते रडू लागले. ओनियास उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता. "गेल्या वर्षी माझ्या पोराची सुंता झाली. तुम्हीच कापड हलवलं होतंत. मी आमेन म्हटलं. ते पोरकं होतं?"

दोसिथेओसला हे ऐकू गेले नाही. तांबटांची रांग दूर होती. त्याने गोंधळून आजोबांकडे पाहिले, आणि आजोबांनी ते वाक्य त्याच्या तोंडासमोर पुन्हा म्हटले. माझी निळी किनार त्याच्या बोटांमध्ये पिळवटली गेली.

"नाही, पोरा," दोसिथेओस म्हणाला. "पोरकं नव्हतं. प्रत्येक वचन पुरं झालं की हिल्कियास मान झुकवायचा. माझ्यासाठी. त्याआधी तो कधी मान झुकवत नव्हता, आठवा. मी त्याच्या मानेवर कापड उचलत होतो. त्याने ऐकलं, त्याने खूण दिली, मी फक्त ती वर नेली."

घर पुन्हा शांत झाले. पण ही शांतता निराळी होती. हिच्यात आशा होती, आणि म्हणून ती जास्त भयंकर होती.

सब्बताइओस आजोबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "असं असेल तर दोन वर्षांतलं एकही आमेन पोरकं नाही," ते सावकाश म्हणाले. "ज्याने ऐकलं त्यानेच जाणून खूण दिली, मग ती कापडाची असो की मानेची. आणि त्या दिवशीची मान भीतीने पडली होती, ती खूण नव्हती. मग ते आमेनही कशालाच बांधील नाही. पण हे दोसिथेओसने सांगून चालणार नाही. ज्याची मान, त्याने सांगायचं." ते वळले. "हिल्कियास. तुला माहीत होतं का?"

एका होकाराचे काम होते. तेवढ्याने हजारो लेकरांना त्यांचे बाप परत मिळाले असते. त्या एका होकारात हेही होते, की आपल्या मानेकडे एक बहिरा डोळे लावून उभा आहे हे त्याला ठाऊक असूनही त्याने त्या दिवशी ती सांभाळली नाही. आणि दोन वर्षे नम्रतेची जी स्तुती त्याने स्वीकारली, ती त्याची नव्हती. मी हिल्कियासकडे पाहत होते. गाढवगाडीपासून मित्राला ओढून घेणारा तो हात मला आठवत होता. त्या दिवशी तो किती चटकन पुढे आला होता.

"सांग ना रे," दोसिथेओस म्हणाला. तो आता हिल्कियासच्या अगदी समोर उभा होता, ओठांवर डोळे रोखून, जेणेकरून काहीही सुटू नये. "आपण एका पाटीवर शिकलो. तुला माहीत होतं की नाही?"

हिल्कियासचे ओठ उघडले. मागच्या रांगा टाचांवर उभ्या राहिल्या. मारिओनने तोंडावर पदर धरला. दोसिथेओसचा हात नकळत थोडा वर आला आणि मी त्याच्याबरोबर, खांद्याच्या उंचीपर्यंत. आणि मला दिसले की सगळे घर श्वास रोखून आहे.

हिल्कियासने ओठ मिटले. त्याने आपली शाल सावरली, पाठ वळवली, आणि मंचाच्या पायऱ्या एकेक करून उतरून, सोनारांच्या, चांदीवाल्यांच्या, तांबटांच्या, लोहारांच्या, विणकरांच्या रांगांमधून, कोणाच्याही चेहऱ्याकडे न पाहता, तो दाराबाहेर चालता झाला.